हजेरी

‘आण्णा नव्हतेच की तिथं.’

आक्काचा एवढाच मेसेज. पुढं हसरा चेहरा नाही, जोडलेले हात नाहीत, काहीच नाही. घरच्या ग्रुपवर आमची आक्का इतकं थोडं कधी लिहीत नाही. तिचं नुसतं गुड मॉर्निंगसुद्धा सात फुलं आणि एक सुविचार घेऊन येतं. त्यामुळं त्या चार शब्दांकडं मी जरा जास्तच वेळ बघत बसलो.

8 ऑगस्ट 2024 ची रात्र. ठाण्यात जेवणं आटोपली होती, मी पाण्याच्या बाटल्या भरून फ्रिजमध्ये लावत होतो आणि ओट्यावरचा फोन थरथरायला लागला. कोल्हापूरहून एकामागून एक व्हिडिओ. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं होतं. छपरातून वर चढणाऱ्या ज्वाळा, बंबांचे भोंगे, आणि फोन धरलेल्या कुणातरी पोराच्या तोंडून एकच शब्द, ‘आई... आई... आई...’. दुसऱ्या दिवशी त्याच गायकनट केशवरावांची जयंती. असला योगायोग एखाद्या नाटककारानं लिहिला असता तर तालमीतच कापला गेला असता. ग्रुपवर जो तो आपापलं काहीतरी काढून ठेवत होता. चुलतभावानं तिथं केलेली एकांकिका, कुणाचं तरी गॅदरिंग, कुणाचं बक्षीस. मीही लिहिलं. ‘त्या व्हरायटी शोला आण्णा माझ्या शेजारी बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. तसे पुन्हा कधी हसले नाहीत.’ आणि कबूल करतो, एवढी मोठी वास्तू जळत असताना मला आपण बरं लिहिलं असं वाटलं. तीन जणांनी बदाम टाकले. मग आक्का.

‘आण्णा नव्हतेच की तिथं.’ आणि मी बघत बसलो तेवढ्यात दुसरा, ‘हसत होते ते काका.’

1983 चा मे महिना. आण्णा महापालिकेच्या शाळेत मास्तर आणि त्या महिन्यात महागाई भत्त्याचा फरक हातात आलेला. फरक हा शब्द आमच्या घरात सणासारखा उच्चारला जाई. फरक मिळाला की कुकर येई, फरक मिळाला की घराची कौलं चाळून घेतली जात. त्या वर्षी इचलकरंजीचे काका-काकू चार दिवस राहायला आले होते. काकांचे स्वतःचे माग होते. ते बोलायचेसुद्धा मागाच्या खडखडाटावरून ऐकू जाईल अशा बेतानं. त्यांनीच चहा पिता पिता पेपरातली जाहिरात मोठ्यानं वाचली. गाणी, नकला, नृत्यं, जादू, बोलक्या बाहुल्या, सगळं एकाच तिकिटात. ‘चल, बघून येऊ की! पोरं काय बघणार मग, तुझे पाढे?’ आण्णा काही बोलले नाहीत. दुपारी सायकल काढली आणि तासाभरानं परत आले, शर्टाच्या खिशात सहा तिकिटं.

आण्णांबरोबर मी दांडीवर बसून गेलो होतो, त्यामुळं ती बुकिंगची खिडकी मला जवळून माहीत. आतल्या माणसापुढं खुर्च्यांचा छापील प्लॅन पसरलेला. विकलेल्या खुर्च्यांवर तो निळ्या पेन्सिलीनं फुली मारायचा. पुढच्या रांगा फुल्यांनी भरून गेलेल्या, मधल्या रांगांत दात पडल्यासारख्या मोकळ्या जागा. ‘कितवी रांग, गुरुजी?’ त्यानं विचारलं. आण्णांनी बोलायच्या ऐवजी प्लॅनवर बोट ठेवलं आणि मग दुसऱ्या हाताची पाच अधिक एक बोटं दाखवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमचे आण्णा बोटानंच बोलायचे. बाजारात, बँकेत, देवळात. मला वाटे मोठी माणसं अशीच असतात. जी फार बोलतात ती काकांसारखी, इचलकरंजीची.

रात्री साडेनऊचा खेळ. आई आणि काकू संध्याकाळी पाचपासूनच तयारीला लागल्या. लग्नातल्या साड्या ट्रंकेतून बाहेर, त्यांच्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास बाहेर. आक्काच्या वेण्यांना अबोलीचा गजरा. मला चुलतभावाची आखूड झालेली पँट आणि डोक्याला एवढं तेल की कपाळावरून ओघळ येईल. मंगळवार पेठेतून चालत निघालो. पुढं काका, मग आम्ही पोरं, मग बायका, सगळ्यात मागं आण्णा हात पाठीशी बांधून. मिरजकर तिकटीपाशी काकांनी पान घेतलं आणि बायकांनाही मसाला पान देऊ केलं. आईनं ‘नको’ म्हणत घेतलं आणि काकूनं ‘नको’ न म्हणताच घेतलं. खासबागेत भेळेच्या गाड्यांभोवती कंदिलांचा आणि बल्बांचा पिवळा घोळका. चिंचेच्या पाण्याचा, कांद्याचा आणि कुस्ती मैदानाच्या ओल्या मातीचा एकत्र वास. तो मला आजही कुठं आला, म्हणजे एखाद्या चौपाटीवर अर्धामुर्धा आला, की मी उगीच तिकिटं खिशात आहेत का ते चाचपतो.

आमच्या पोरांच्या भूगोलात ते नाट्यगृह म्हणजे कुस्ती मैदानाचा शेजारी. मैदानात दंगल असली की एकीकडून शिट्ट्या, दुसरीकडून पेटी. शाहू महाराजांनी पहिलवान आणि गवई पाठीला पाठ लावून बसवले, असं आण्णा एकदा पाटीवर नकाशा काढून दाखवत म्हणाले होते. मैदान 1912 चं, थिएटर 1915 चं. माझी आजी शेवटपर्यंत त्याला ‘प्यालेस’च म्हणायची, पॅलेस थिएटरचं ते आमच्या घरातलं रूप. 1957 साली केशवरावांचं नाव लागलं तरी तिच्या लेखी काही बदललं नव्हतं. आण्णांना मात्र केशवरावांचं भारी वेड. ते गेले 1921 मध्ये, म्हणजे आण्णांच्या जन्माच्या कितीतरी आधी. तरी आण्णा त्यांच्याबद्दल असं सांगायचे जणू काल संध्याकाळी रंकाळ्यावर गाठ पडली होती. एकतीस वर्षांचं आयुष्य, त्यात हुबळीला स्वतःची नाटक मंडळी काढली, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांच्या जोडीनं उभे राहिले आणि त्याच वर्षी संपले. अंघोळीच्या वेळी आण्णा नाट्यपदं म्हणायचे. बादलीत तांब्या बुडवल्याचा आवाज समेवर. पद म्हणताना त्यांचा आवाज सरळ, स्वच्छ, तेलाच्या धारेसारखा यायचा. हे मुद्दाम सांगतोय, पुढं लागणार आहे.

तिसरी घंटा झाली आणि दिवे गेले. अंधार झाल्या झाल्या कुठंतरी एक तान्हं मूल रडायला लागलं, मग सगळ्या थिएटरनं एकदम ‘शूऽऽ’ केलं, त्यानं ते आणखी रडलं. पडदा सरकला. एवढा उजेड एका ठिकाणी मी त्याआधी फक्त अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या फोटोत पाहिला होता. चमचमत्या कोटातला निवेदक, त्याच्या मागं ॲकॉर्डियनवाला, काँगो-बाँगोवाला आणि एका कोपऱ्यात ड्रम्सच्या मागं अर्धाच दिसणारा एक किडमिडीत माणूस. माइकला एको लावलेला. ‘नमस्कार’ म्हटलं की ‘स्कार स्कार स्कार’ छपराला लागून परत यायचं. बाल्कनीतल्या पोरांनी लगेच प्रत्येक वाक्याचं शेपूट पकडून ओरडायला सुरुवात केली.

गाण्यांतलं मला काही आठवत नाही, एक माणूस सोडून. तो अर्धा मिनिट पुरुषाच्या आवाजात गायचा आणि मग मान जराशी कलती करून बाईच्या आवाजात. इतकंच. पण ती मान कलती होण्याचा क्षण! आई आणि काकू एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. काकूला खात्रीच वाटत होती की पडद्यामागं कुणीतरी बाई उभी आहे. आजही वाद्यवृंदांत अशी माणसं असतात, रिॲलिटी शोमध्येही येतात, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. मला त्यात तो थरार येत नाही. कॅमेरा इतक्या जवळून त्यांचा घसा दाखवतो की काकूसारखी शंका घ्यायला जागाच उरत नाही.

मग जादूगार आला. रघुवीरांचं नाव तेव्हा घरोघरी होतं. हा त्या मानानं धाकट्या पातीचा, फेटा सैल झालेला, कबुतर बाहीतून निघायला तयार नाही. शेवटी ते निघालं आणि उडून थेट विंगेच्या वरच्या दांडीवर जाऊन बसलं, आणि पुढचा सगळा वेळ तिथंच बसून राहिलं. पुढं नाच चालू असताना मी नाचाकडं कमी आणि कबुतराकडं जास्त बघत होतो. बोलक्या बाहुलीवाला आला. पाध्यांचा अर्धवटराव आम्ही मासिकातल्या फोटोत तेवढा बघितलेला, ही बाहुली तेवढी तालेवार नव्हती. तिचा खालचा ओठ हलला की लाकडावर लाकूड आपटल्याचा ‘टक’ असा आवाज व्हायचा. पण ती बाहुली कोल्हापुरी बोलत होती! ‘काय गा, पुढच्या रांगंतलं टक्कल, लाईट मारतंय माज्या डोळ्यात.’ पुढच्या रांगेतला टकलू माणूसच सगळ्यात आधी हसला. हे मला चांगलं आठवतं. आपल्यावर हसणारा माणूस पहिल्यांदा तिथंच बघितला.

आणि मध्यंतराच्या आधी नकलाकार.

बारीक मिशीचा, ढगळ पँट, हातात काही नाही. त्यानं आधी एस्टी स्टँडवरची घोषणा केली, मग चढावर दम लागलेली एस्टी केली, मग लग्नातला भटजी, मग माइक सोडायला तयार नसलेला पुढारी. लोक गडबडा लोळत होते. मग त्यानं खिशातून एक काळ्या काड्यांचा चष्मा काढला, नाकाच्या शेंड्यावर ठेवला, एक खांदा पाडला आणि हवेतलं मस्टर उघडलं. ‘मास्तर हजेरी घेत्यात,’ म्हणाला. पहिली दोन नावं सरळ गेली. तिसरं नाव बाबर. ‘ब...’ म्हणून तो थांबला. ड्रमवाल्यानं हळूच एक थाप दिली. ‘ब... ब...’ दोन थापा. मास्तरचा जबडा पुढं आलेला, मानेची शीर ताणलेली, डोळे मिटलेले, एक टाच जमिनीवर आपटतेय. ‘ब... ब... ब... ब...’ ड्रमवर थापांचा पाऊस, अख्खं थिएटर श्वास धरून, आणि ‘बाबर!’ फुटल्याबरोबर झांजेचा झणत्कार. मग त्यानंच मागच्या बाकावरच्या पोराच्या आवाजात उत्तर दिलं, ‘सर, मी गेल्या सालीच पास होऊन गेलो!’

मी हसलो. हसलो म्हणजे काय, खुर्चीतून खाली घसरलो. दुसऱ्यांदा त्यानं ‘ब’ धरला तेव्हा मी पायानं पुढची खुर्ची बडवत होतो आणि ड्रमवाल्याच्या आधी तोंडानं ‘धुम्’ करत होतो. माझ्या डाव्या अंगाला कुणीतरी घशातून फुटेल असं हसत होतं, मांडीवर थापा मारत होतं, चष्मा काढून डोळे पुसत होतं. एकेचाळीस वर्षं मी त्या अंगाला आण्णांना बसवलं होतं.

आण्णा अडखळत बोलायचे.

आता हे मी लिहिलं, पण तेव्हा मला हे माहीत होतं का? म्हणजे माहीत होतंच, घराला लिंबोणीच्या झाडाकडचा एक कोपरा असतो तसं. त्याला नाव नव्हतं. तोतरा, चाचरा हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. क, ब आणि प ही त्यांची अवघड अक्षरं. त्यामुळं ते ‘बघ’ म्हणायच्या ऐवजी ‘हे’ म्हणायचे, ‘पाणी’ऐवजी ‘तांब्या दे’. केएमटीत, म्हणजे गावातल्या बसमध्ये, बसलो की आम्हाला उतरायचं असे बिंदू चौकात, पण आण्णा तिकीट मागायचे मिरजकर तिकटीचं. ‘म’ त्यांना सोपा जायचा. मग आम्ही तिकटीला उतरून चालत मागं यायचो. मी विचारलं तर म्हणायचे, ‘चालावं जरा, जिरतं.’ हे गणित मला सुटलं तेव्हा मी पस्तिशीचा होतो आणि आण्णा जाऊन वर्ष झालं होतं. एका दुपारी ठाणे स्टेशनच्या पुलावर एकदम सुटलं, आणि मागच्या माणसांचे धक्के खात मी तसाच उभा राहिलो. वर्गात ते शिकवायचे गणितच. फळ्यावर खडू बोलायचा. आणि हजेरी घ्यायचा मॉनिटर.

म्हणजे त्या रात्री रंगमंचावर जे चाललं होतं ते आण्णांनी आयुष्यभर टाळलेलं एकच काम होतं. शे-पाचशे माणसांपुढं, ड्रम लावून.

आक्काला रात्री साडेअकरा वाजता फोन केला. ती पुण्याला असते, बोलणं आता पुण्याचं झालंय, पण चिडली की कोल्हापूर वर येतं. ‘अरे, त्यांच्या खुर्चीवर मी पाय वर घेऊन आडवा झालो होतो! रिकामी होती म्हणूनच ना?’ ती म्हणाली. आमच्याकडं बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. बाहेरच्यांना गंमत वाटते. मग ती जरा थांबली. ‘तुझ्या शेजारी काका होते. आण्णा कडेला होते, माझ्या बाजूला. नकला सुरू झाल्यावर उठले. परत आले ते मध्यंतरात, वडे घेऊन.’ मी म्हणालो, मग ते वडे आणायलाच गेले असतील. ती म्हणाली, ‘वडे गार होते.’

खरंय. वडे गार होते. हे मला लगेच आठवलं, तिनं सांगितल्यामुळं नव्हे. पेपरात बांधलेले सहा वडे, तेलानं पेपर पारदर्शक झालेला आणि त्या तेलावर उलटी अक्षरं उमटलेली. वरचं बेसनाचं कवच थंड होऊन चिवट झालेलं, आतला बटाटा कोमट, हिरवी मिरची मऊ पडलेली. मध्यंतराची घंटा झाल्यावर गाड्यावर जी झुंबड उडते त्यात घेतलेला वडा हातात धरवत नाही. हे कितीतरी आधी घेतलेले वडे होते. घेऊन कुणीतरी बराच वेळ उभं होतं. आणि काका त्यांना म्हणाले होते, ‘अरे, कुठं गेला होतास तू? मास्तरची नक्कल चुकवलीस! तुझीच...’ काकूनं त्यांना पदराआडून चिमटा काढला असणार, कारण ते वाक्य पुरं झालं नाही. यातलं चिमट्याचं मी आत्ता रचलं. वाक्य अर्धवट राहिल्याचं मात्र खरं आहे. नाहीतर तेही मी रचलं असेन. आता माझ्या स्मरणशक्तीवर माझाच फारसा विश्वास उरलेला नाही.

लहान पोरगं हसलं, त्यात काय एवढं, असं बायको म्हणते. बरोबरच आहे. पण मला टोचतंय ते हसणं नाही. टोचतंय ते नंतरचं काम, जे माझ्या डोक्यानं मला न विचारता केलं. काकांचं हसू उचललं आणि आण्णांच्या तोंडावर चिकटवलं, काकांना सरकवून तिथं आण्णांना बसवलं, म्हणजे माझं हसणं सुरक्षित. तेही हसत होते की! आणि इतकी वर्षं हीच आठवण मी वडिलांवरच्या प्रेमाचा पुरावा म्हणून चारचौघांत सांगत आलो. त्यांच्या तेराव्याला सांगितली होती. आई तिथंच होती. ती काही बोलली नव्हती.

त्या दिवाळीत कोल्हापूरला गेलो. पहिल्या दिवशी संध्याकाळी चालत खासबागेत गेलो. पत्र्यांच्या कुंपणावरून आत जेवढं दिसतं तेवढं बघितलं. आत जायला काही कारण नव्हतं आणि कुणी जाऊही दिलं नसतं. गाड्यांवर गर्दी तशीच. भेळेचा पहिला घास घेतला आणि एक पोरगा बापाला विचारताना ऐकला, ‘इथं काय हुतं?’ बाप म्हणाला, ‘थेटर. हाय अजून. बांधालेत.’ पोरगं भेळेकडं वळलं. मी तिथं उभा राहून अंदाज घेत होतो, वड्याची गाडी त्या काळी कुठं असेल, आणि तिथून आतल्या ड्रमची थाप ऐकू येत असेल का. झांज नक्की आली असणार. झांज लांब जाते.

घरी आलो तर आई मेथी निवडत बसलेली. चौऱ्याऐंशीची आहे, एक कान गेलाय, पण मेथीतलं एक पिवळं पान सुटत नाही. मी शेजारी बसून काड्या मोडायला लागलो. सरळ विचारलं, ‘आई, त्या व्हरायटी शोच्या रात्री आण्णा रागावून बाहेर गेले होते काय गं?’

‘कोण सांगितलं तुला?’

‘आक्का.’

‘तिला काय दिसतंय, ती झोपलेली.’ आईनं एक जुडी सोडली. ‘भायेर गेलेले, व्हय. वडं घ्यायला. मग आत येऊन मागं उभारले. दाराजवळ. पडद्याला धरून. मी दोनदा वळून बघितलो की.’

‘म्हणजे नक्कल त्यांनी बघितली?’

‘सगळी बघितली.’ मेथीची पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला. मला वाटलं संपलं. मग ती म्हणाली, ‘रात्री घरी आलो, तुमी पोरं झोपला. काका-काकू माडीवर. दीड वाजला असंल. मी अंथरूण घालत होतो. तर हे आले, चष्मा नाकावर असा खाली घेतला, आणि मला ती नक्कल करून दाखवली. सगळी. मस्टर उघडल्यापासनं.’

मी काडी मोडायची थांबलो. विचारलं, कशी केली?

‘झ्याक केली. त्या माणसापेक्षा चांगली. अडखळायचं तिथं अडखळले. बाकी कुठंच अडखळले नाहीत. “मी गेल्या सालीच पास होऊन गेलो” हेसुदा. “पास” म्हणाले, सरळ.’ ‘प’ हे तिलाही पाठ होतं म्हणजे. ‘मी हसलो नाही. मला रडू यायला लागलं. तर म्हणाले, अगं हस की. चांगली केली ना?’

‘मग?’

‘मग हसलो.’ ती माझ्याकडं न बघता म्हणाली. ‘लई वेळ हसलो आम्ही दोघं. वरनं काका वरडला, काय चाललंय रे म्हणून.’

मी तिला म्हणालो, मग तेराव्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं की ते माझ्या शेजारी हसत होते, तेव्हा तू बोलली का नाहीस? आईला ते ऐकू आलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं. तिनं परडीतल्या पानांवरून हात फिरवला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, डावा खांदा जरासा पाडला. मेथीची रिकामी जुडी मस्टरसारखी समोर धरली.

‘ब...’ आई म्हणाली, आणि थांबली. जबडा पुढं. टाच वर उचललेली. ‘ब... ब...’

माझा हात नकळत परातीवर गेला होता.